शनिवारचा नाश्ता

शनिवारी सकाळी आमच्या घरात आई झोपायची. आठवडाभर ती उजाडायच्या आत उठून हॅनोव्हरची गाडी पकडायची. तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिची नोकरी होती. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाक, कपडे, माझ्या शाळेच्या भानगडी आणि डोंबिवलीच्या आजीचा लांबलचक फोन, एवढं सगळं उरकून ती सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगायची. म्हणून शनिवारी सकाळी घरात भांड्याचाही आवाज होता कामा नये, असा बाबांनी नियम केला होता, आणि तो पाळायचा सोपा मार्ग म्हणजे आम्ही दोघांनी बाहेर पडणं. बूट हातात घेऊन आम्ही जिना उतरायचो आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसून घालायचो. उठताना बाबा दर वेळी जॅकेटचा खिसा चाचपून बघायचे. खिशात स्टीलची एक लहानशी डबी असायची, लसणाच्या चटणीची. ती आहे याची खात्री झाली की म्हणायचे, “चला, नाश्त्याला.”

जर्मनीतल्या आमच्या ब्राउनश्वाइग शहराला बाबा गावच म्हणायचे. ट्राममधून उतरलं की आधी कुठे जायचं यावर चर्चा. स्टेशनाजवळच्या बेकरीत उभ्याने खायची टेबलं होती आणि तिथली कॉफी बाबांच्या मते भांडी धुतलेल्या पाण्यासारखी होती, पण तिथे येणारे रेल्वेचे लोक गप्पिष्ट होते. युनिव्हर्सिटीजवळच्या कॅफेत खुर्च्या एकीसारखी दुसरी नसायची आणि पोरं अकराच्या आत उठायची नाहीत, त्यामुळे ते आम्हाला अख्खं मिळायचं. आणि चर्चच्या मागच्या बोळात फ्राउ लिंडेमानचं कॅफे होतं. शेवटी बहुतेक वेळा आम्ही तिथेच पोचायचो. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची. दूध फेसाळणाऱ्या मशीनचा फुत्कार, बशांचा किणकिणाट, मध्येच चर्चच्या घंटा. त्या वाजायला लागल्या की सगळं कॅफे बोलायचं थांबायचं आणि त्या संपल्या की सगळे तिथूनच पुढे बोलायला लागायचे. बाबांचा मिल्शकाफे, म्हणजे वाडग्याएवढ्या कपातली दुधाळ कॉफी, माझा काकाओ, ब्रोट्शनचे कडक सालीचे गरम पाव, लोणी, चीज आणि गार होऊ नये म्हणून लोकरीची टोपी घातलेलं उकडलेलं अंडं. बाबा ब्रोट्शनचे दोन भाग करून लोणी लावायचे, मग आजूबाजूला बघून डबी उघडायचे. तो वास शेजारच्या टेबलापर्यंत जायचाच. फ्राउ लिंडेमाननी एकदा चमच्याच्या टोकावर चटणी घेऊन चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि पुढच्या शनिवारी स्वतःहून विचारलं की ती लाल पावडर आणली आहे का.

बाबा जर्मन बोलायचे ते मोठ्याने, बिनधास्त, नाशिकच्या हेलात. प्रत्येक वाक्य ‘आल्झो’ने, म्हणजे ‘तर मग’ने, सुरू व्हायचं आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यांचं ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, येऊन पडायचं. ते मेकॅनिकल इंजिनिअर होते, गिअरबॉक्सच्या चाचण्या करणाऱ्या एका फर्ममध्ये. तिथे सगळं इंग्रजीत चालायचं. जर्मन ते शिकले बेकरीत आणि कॅफेत. डेर, डी, डास या नामांच्या तीन लिंगांत त्यांची कायम गल्लत व्हायची आणि मी लगेच चूक काढायचे. मग ते म्हणायचे, “तिन्ही तुझ्याकडे ठेव आणि मी बोलेन तसं एकेक लावत जा.” ते माझ्याशी मराठीतच बोलायचे, मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे. आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत मुलं तशीच बोलायची, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र एकदा जाताना थांबून विचारलं होतं की तुम्हाला एकमेकांचं खरंच कळतं का. बाबा म्हणाले, कळतं की. मीही मान डोलावली.

आज मी हे मराठीत लिहिते आहे, आणि बाबांच्या तेव्हाच्या वयाहून आता मोठी आहे. मराठी लिहायला मी पुष्कळ उशिरा शिकले. का शिकले, ते याच प्रकरणात येईल.

मी अकरावीत असताना एका सकाळी कामावरच बाबांच्या हातातून मोजमापाचं यंत्र खाली पडलं, आणि ते उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. मला शाळेतून थेट हॉस्पिटलमध्ये नेलं. आई हॅनोव्हरहून निघाली होती, गाडी वाटेत कुठेतरी थांबून राहिली होती, आणि तिचे सारखे मेसेज येत होते: काय म्हणतात डॉक्टर? डॉक्टर मला विचारत होत्या की तुमचे वडील कोणकोणत्या भाषा बोलतात. मी सांगितलं, जर्मन, इंग्रजी, हिंदी, मराठी. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं, आणि बोलणं तिथेच असतं, असं त्यांनी समजावलं. यातलं काय परत येईल, कोणती भाषा आधी येईल, हे कुणालाच सांगता येत नाही. शब्द होता आफाझी. मी तो आईला मेसेजमध्ये लिहून पाठवला, आणि पाठवल्यावर लक्षात आलं की तिला गाडीत एकटीनेच त्याचा अर्थ शोधावा लागणार.

जर्मन पूर्ण गेली. इंग्रजीही गेली. जिच्यावर त्यांची नोकरी उभी होती ती भाषा कानावर पडली की ते नुसते बघत राहायचे. समजत थोडं असावं, पण तोंडातून काही येत नव्हतं. उजवा हात लोंबता राहिला. काही आठवड्यांनी एका सकाळी नर्सने पडदा सरकवला तेव्हा ते “ऊन” म्हणाले. नर्सला तो नुसता हुंकार वाटला. आई शेजारी होती म्हणून कळलं. त्या दिवशी आईने मला शाळेत फोन केला, आणि ती हसतेय की रडतेय ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

पुढे रेहाक्लिनिकमध्ये, म्हणजे पुनर्वसनाच्या दवाखान्यात, त्यांना बोलायला शिकवणारी एक तरुण बाई यायची, फ्राउ पेटर्सन. स्वभावाने फार चांगली. ती चित्रांचे पत्ते समोर धरायची आणि बाबांनी त्याचं नाव सांगायचं. किल्लीचं चित्र आलं, बाबा खूप वेळ जुळवाजुळव करून “किल्ली” म्हणाले. फ्राउ पेटर्सनने मान हलवून हळूच म्हटलं, “श्लुसल.” मी कोपऱ्यातून म्हणाले की बरोबर आहे ते, त्यांच्या भाषेत बरोबर आहे. तेव्हापासून मला शाळा सुटल्यावर तिथे बसवायला लागले. बाबा बोलायचे आणि फ्राउ पेटर्सन माझ्याकडे बघायची. पण माझी मराठी म्हणजे स्वयंपाकघरातली मराठी होती, जेव, झोप, आवर, मोजे कुठे टाकलेस. एक दिवस अक्रोड फोडायच्या चिमट्याचं चित्र आलं. बाबांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “अडकित्ता.” मी तो शब्द कधी ऐकलाच नव्हता. फ्राउ पेटर्सनने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, मला माहीत नाही. तिने पत्ता बाजूला ठेवला. बाबा त्या पत्त्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा एकदा म्हणाले, “अडकित्ता,” या वेळी हळू, मलाच विचारल्यासारखं. घरी येऊन आईला विचारलं तर ती म्हणाली, अगं, सुपारी कातरायचा तो, तुझ्या आजोबांकडे होता, दिसतोही तसाच. मग तिने गॅस बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

बाबा घरी आले तेव्हा चेस्टनटला पानं फुटली होती. चालायचे, काठी घेऊन, सावकाश. आईने अर्धा दिवस घरून काम करायची परवानगी मिळवली. फोनवर मीटिंग, एका हाताने वरणाला फोडणी, आणि मध्येच फोन बंद करून “अहो, थांबा, मी आले,” असं चाललेलं असायचं. बाबा दिवसभर खिडकीत बसायचे. एका शनिवारी सकाळी आईच म्हणाली, त्यांना घेऊन जा गं गावात, पूर्वीसारखं. मी हो म्हणाले. बाबांनी ऐकलं, आणि स्वतःहून उठून जॅकेटपाशी गेले.

ट्राममध्ये त्यांचे ओठ सारखे हलत होते. ते तयारी करताहेत हे माझ्या लक्षात आलं होतं, पण कसली ते नाही. कॅफेत शिरताच फ्राउ लिंडेमान काउंटरमागून बाहेर आल्या आणि त्यांनी बाबांना मिठी मारली. मग त्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या, कानाने अधू असलेल्या माणसाशी बोलावं तसं. बाबा अर्ध्या तोंडाने हसले. फ्राउ लिंडेमाननी विचारलं, “वी इमर?” म्हणजे नेहमीचंच ना? बाबांनी डावा हात वर केला. थांबा. त्यांना स्वतः सांगायचं होतं.

काउंटरपाशी ते काठी टेकून सरळ उभे राहिले. आमच्यामागे लोक येऊन थांबायला लागले होते. शनिवारची गर्दी, हातात कापडी पिशव्या. बाबांनी तोंड उघडलं. “एक,” ते म्हणाले. “एक… एक…” मग डोळे मिटून जोर लावल्यासारखं, “मीठ.” स्वतःच मान हलवली. “मीठ. मीठ.” त्यांना काहीतरी दुसरंच म्हणायचं होतं आणि हा शब्द मध्ये येऊन बसला होता. फ्राउ लिंडेमाननी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मिल्शकाफे. बाबांनी डाव्या हाताचा तळवा काउंटरवर आपटला. “नाही.” मग चहा? नाही. पाणी? काकाओ? नाही, नाही. मागे कुणीतरी घड्याळात पाहिलं असेल, कुणीतरी दुसऱ्या रांगेत गेलं. लोक वाईट नव्हते. एका बाईने तर खुर्ची पुढे सरकवली. पण त्या कॅफेत बाबांना काय हवंय ते कळू शकेल असं कुणी असेल तर ती मी होते, आणि मला कळत नव्हतं. माझ्याकडचे शब्द संपले होते. अखेर फ्राउ लिंडेमाननी आम्हाला खिडकीपाशी बसवलं आणि न विचारता सगळं आणून ठेवलं, तोच मोठा कप, ब्रोट्शन, टोपी घातलेलं अंडं. बाबांनी कशालाही हात लावला नाही. कॉफीवर साय धरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. चर्चच्या घंटा वाजल्या, लोक गप्प झाले, परत बोलायला लागले. बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मग अगदी स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता ते म्हणाले, “घरी जाऊ.”

हे मला कळलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मी त्यांना ट्रामने घेऊन आले. आमच्या इमारतीच्या दारात किल्ली लावली, दार ढकलून धरलं. बाबा पायरीपाशी उभे राहिले. मी जर्मनमध्ये म्हणाले, पापा, आलं घर. त्यांनी दाराकडे पाहिलं, वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. “हे नाही,” ते म्हणाले. “घरी.” चिडून नाही, ट्राममधून चुकीच्या स्टॉपवर उतरल्यावर आपण बरोबरच्या माणसाला सांगतो तसं. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी सामान घेऊन आले, त्यांनी आमच्यासाठी दार धरलं आणि हसून वाट बघत राहिले. आम्ही हललो नाही. थोड्या वेळाने त्यांनी माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटून दार सोडलं. मी आईला फोन लावला. ती गाऊनवरच खाली आली, केस विस्कटलेले. तिने विचारलं, काय झालं? बाबांनी तिलाही तेच सांगितलं.

त्याच दुपारी आईने नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. माझे काका बाबांहून सहा वर्षांनी मोठे, शाळामास्तर होते, बोलायला संथ. पूर्वी त्यांचे फोन आले की मी कंटाळून खोलीत पळायचे. त्या दिवशी त्यांनी “काय विल्या” म्हटलं आणि गप्प बसले. नुसते बसून राहिले. बाबांना एक शब्द सापडायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते स्क्रीनवर बघत थांबायचे, सुचवायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत. बाबा म्हणाले, “दादा… विहीर.” काका म्हणाले, “आहे. पाणी आहे अजून.” मग बाबा म्हणाले, “पोहायचो.” स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती, तिने नळ बंद केला. इतके महिने फ्राउ पेटर्सन, मी, आई, आम्ही तिघी मिळून जे बाहेर काढू शकलो नव्हतो ते तिथे आपसूक येत होतं.

पुढचे काही आठवडे आईने कुणाकुणाशी काय बोलून काढले ते मला सगळं माहीत नाही. दाराआडून तुकडे ऐकू यायचे. आईने नोकरी सोडली तर औषधपाणी कशावर? माझं आबिटुअर, म्हणजे बारावी, वर्षभरावर होतं. डोंबिवलीच्या आजीचं म्हणणं होतं की नवऱ्याला असं एकटं पाठवतात का, लोक काय म्हणतील. आणि लोक पुढे म्हणालेही. टाकलं नवऱ्याला, हे आईने आयुष्यभर ऐकलं, कधी पाठीमागे, कधी समोर. ती कुणालाच उत्तर द्यायची नाही. एका संध्याकाळी ती माझ्या पलंगावर येऊन बसली आणि म्हणाली, “मी त्यांना इथे ठेवून घेते म्हणजे नक्की काय ठेवते गं? खिडकीत बसवते.” तिला मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी जर्मनमध्ये म्हणाले, मला नाही माहीत. तिने माझे पाय पांघरुणात खोचले, मी लहान असल्यासारखं, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने बाबांसमोर खुर्ची ओढली. मी पाण्याचे पेले उचलत होते, ती म्हणाली, तूही बस. मग तिने विचारलं, “अहो, नाशिकला जायचंय तुम्हाला? दादांकडे?”

बाबा लगेच म्हणाले, “हो.”

आईने टेबलावरचा एक पेला उगाच सरकवला. मग म्हणाली, “आणि आम्ही?”

बाबांनी तोंड उघडलं. शब्द यायच्या आधी त्यांच्या मानेची शीर ताणायची तशी ताणली. डावा हात वर आला, आईकडे, माझ्याकडे, परत स्वतःच्या छातीकडे. “तु…” ते म्हणाले. “तु… ते…” आम्ही थांबलो. काकांसारखं थांबलो, काही सुचवलं नाही, मान हलवली नाही. खिडकीबाहेर ट्राम गेली, तिच्यामागून दुसरी गेली. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि तोंड मिटलं. आई म्हणाली, “असू दे, असू दे,” आणि तिने तो हात धरला. ते काय सांगणार होते ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही, आणि आम्ही परत विचारलं नाही. तुम्हीही चला, असेल. तुम्हाला सोडून नाही, असेल. तुमचं तुम्ही बघा, हेसुद्धा असू शकतं. आई स्वतःच्या शेवटापर्यंत यातलं एकेक वाक्य आळीपाळीने खरं मानत होती.

काका स्वतः न्यायला आले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेले, स्वेटरवर स्वेटर. काकूंनी माझ्यासाठी लाडू पाठवले होते. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर चाकाच्या खुर्चीवाला माणूस बाबांना घेऊन निघाला तेव्हा आई शेवटपर्यंत सूचना देत होती, अहो, गोळ्या, अहो, मफलर. मला जे म्हणायचं होतं ते जर्मनमध्ये तयार होतं, आणि जर्मनचा आता उपयोग नव्हता.

बाबा नाशिकला पुष्कळ वर्षं जगले. आई जमेल तेव्हा जायची, सुट्ट्या साठवून साठवून, आणि निवृत्त झाल्यावर तिकडेच राहिली. ब्राउनश्वाइगला मी मागे नोकरीच्या कामाने गेले होते. चर्चच्या मागच्या बोळात आता चष्म्यांचं दुकान आहे.

मी पहिल्यांदा एकटी नाशिकला गेले ती आबिटुअर झाल्यावर. तोपर्यंत मी एका पुण्याच्या बाईंकडून आठवड्यातून दोनदा ऑनलाइन मराठी शिकत होते. बाबा बारीक झाले होते, उन्हाने काळवंडले होते आणि बोलत होते. पूर्ण वाक्यं नाहीत, पण एकामागून एक शब्द, काठी टेकत टेकत चालावं तसे. सकाळी काका त्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात न्यायचे, तिथे त्यांचे शाळेपासूनचे दोन मित्र यायचे. मलाही नेलं. लाकडी बाकं, मिसळीच्या ताटल्या, गल्ल्यामागे रेडिओ. सगळे एकदम बोलत होते, इतकं भरभर की मला निम्मंच कळत होतं, आणि बाबा मध्येच एखादा शब्द टाकायचे आणि सगळे हसायचे. बाबा माझ्या ताटलीत फरसाण वाढत होते. सगळे हसले की मीही हसत होते आणि मान हलवत होते. मित्रांपैकी एकांनी माझ्याकडे वळून विचारलं, “मग बाळ, किती दिवस मुक्काम?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाक्य मनात जुळवलं आणि बोलायला सुरुवात केली. “मी मंगळवारी,” मी म्हणाले, आणि पुढचा शब्द येईना. साधा शब्द होता, हजार वेळा ऐकलेला. डोक्यात फक्त त्याचं जर्मन त्सुरुक, त्सुरुक असं वाजत होतं. “मी मंगळवारी…” कुणी सुचवलं नाही. त्या टेबलावर थांबायची सगळ्यांना सवय होती.

बाबांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या मानेची शीर ताणली.

“परत,” ते म्हणाले.